नारदाच्या गादीची माती

रुमाल झटकून दोरीवर टाकायला गेलो आणि टेबलावरचा मीटर कटकट करू लागला.

सकाळचे साडेसात वाजले असतील. पोफळवण्यात यमूवहिनी खातूंच्या माडीवर मी खोली घेतली होती. कामावर निघण्याआधी मी रोज मीटर चालू करून त्याचा पाया, म्हणजे एरवीचा आकडा, बघत असे. किरणोत्सार जमिनीत, भिंतीत, अगदी आपल्या हाडांतही थोडाथोडा असतो, त्यामुळे मीटर कधी पुरता गप्प बसत नाही. मधूनच एखादी कट करतो आणि थांबतो. त्या सकाळी मात्र तो थांबेना. रुमाल दाराबाहेर नेला की शांत, परत आत आणला की सुरू.

 साइटवरून आपणच अंगावर घेऊन आलो, असं वाटलं.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या कार्तिकातली गोष्ट. गावाबाहेर, खाडीच्या तोंडाशी, एक कारखाना पंधरा वर्षं बंद पडलेला होता. समुद्रकाठची काळी वाळू धुऊन त्यातून थोरियम काढायचं, असं तिथलं काम. थोडं गॅसबत्तीच्या मेंटलला जायचं, बाकीचं अणुभट्ट्यांच्या प्रयोगांना. मालक गेले, यंत्रं गेली, मागे राहिला उरलेल्या गाळाचा काळा ढीग. तो खरवडून सिमेंटच्या खड्ड्यात पुरायचा, वर चिकणमातीचा थर द्यायचा, भोवती कुंपण घालून धोक्याची पाटी लावायची, एवढ्यासाठी आमच्या खात्यानं आम्हाला पाठवलं होतं. दातीर साहेब मुख्य. मी मोजणारा. मीटर घेऊन वीतवीत जमीन फिरायची आणि कुठं किती ते नकाशावर लिहायचं.

मी घाईघाईनं बूट तपासले, कपडे तपासले, हातांची बोटं एकेक करून तपासली. सगळं साफ. वाजत होतं ते फक्त रुमालाचं एक टोक. त्या टोकाला मी एकादशीच्या दिवशी गाठ मारली होती, आणि गाठीत साइटवरचं काही नव्हतं. होती ती लक्ष्मीकेशवाच्या देवळातली चिमूटभर माती.

कीर्तन कुठं आहे म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडं वळतात. लहानपणापासूनचं हे वेड, आता सत्तरीतही गेलेलं नाही. नमनाला बुवा उभे राहिले, चिपळ्या वाजल्या, की मला घरदार आठवत नाही. पोफळवण्यात एकादशी ते पौर्णिमा पाच दिवस कार्तिक उत्सव असतो हे कळलं, तेव्हा दातीर साहेबांची आर्जवं करून मी साडेतीनला सुटण्याची परवानगी मिळवली होती. तिथलं कीर्तन चारलाच उभं राहायचं. खाडीपलीकडच्या वाडीची माणसं तरीनं, होडीतून, येत, त्यांना भरतीची वेळ साधून परतायला हवं म्हणून.

कीर्तन करायच्या द्वारकाताई बेहेरे. वय सत्तर, अंगात काळी चंद्रकळा, पाय अनवाणी. आवाज थोडा फाटलेला. पण वरच्या सुरावर गेल्या की तो फाटा बुजून जायचा आणि ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी सैल व्हायचं. त्या उभ्या राहायच्या ती अंगणातली हातभर उंच जागा म्हणजे नारदाची गादी. तशी ती सगळीकडेच असते. पण इथं एक जास्तीची चाल होती. एकादशीचं कीर्तन संपलं की एकेकानं पुढं व्हायचं, गादीवरची चिमूटभर माती उचलायची, कपाळाला लावायची आणि उरलेली घरी नेऊन तुळशीवृंदावनात टाकायची. मीही उचलली. काळी, बारीक, उन्हात चकाकणारी माती. फार सुंदर वाटली होती.

त्या सकाळी मी साइटवर गेलो नाही. मीटर पिशवीत घालून देवळात गेलो. अंगणात कुणी नव्हतं. गादीपासून दहा पावलांवरच आवाज वाढला. गादीवर मीटर धरला तर काटा पट्टीच्या टोकाला जाऊन टेकला आणि मला वरची पट्टी लावावी लागली. गावातल्या साध्या मातीच्या चाळीस पट.

परत आलो तेव्हा यमूवहिनी तुळशीला पाणी घालत होत्या. मी मीटर वृंदावनाजवळ नेला. तिथंही तेच.

"काय म्हणतंय तुमचं पाखरू?" त्यांनी हसत विचारलं.

मी विचारलं, या मातीचं आणखी काय करता. वहिनींना वाटलं साहेबाला गावच्या चालीरीतींची आवड आहे. त्यांनी हौसेनं सांगितलं, की नवं घर बांधताना उंबऱ्याखाली घालतात, आणि बाळाच्या उष्टावणाला कणभर जिभेला लावतात. मग अन्न अंगी लागतं. त्यांची लेक शालन बाळंतपणाला आली होती ती अजून इथंच होती. तिच्या मुलीचं उष्टावण पौर्णिमेला.

ती मुलगी ओसरीवर पालथी पडून मूठ चोखत होती. त्या दिवशी द्वादशी.

दातीर साहेबांनी माझी आकड्यांची वही दोनदा वाचली.

"करंबेळकर, तुम्ही मोजायला कुठं गेला होतात?"

"देवळात."

"देवळात माणसं हात जोडायला जातात."

ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी मला समोर बसवून नीट समजावलं. मंजुरी होती ती कुंपणाच्या आतल्या मातीची. बाहेरचं एक घमेलं जरी धरलं तरी हद्दीचा नकाशा बदलणार, नकाशा बदलला की फाइल वर जाणार, आणि ती खाली यायला दोन पावसाळे जाणार. तोवर हा ढीग उघडा. पहिल्या मोठ्या पावसात अर्धा खाडीत. खाडीत मासे, मासे पंचवीस गावांच्या ताटात. त्यांचं एक अक्षर खोटं नव्हतं.

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "खड्ड्याचं झाकण प्रतिपदेला सकाळी ओतायचं आहे. तोवर कुंपणाच्या आत जी माती असेल ती आपली. ती आत कशी आली, हे विचारायचा रकाना माझ्या फॉर्मात नाही."

"आणायची कुणी?"

"आपल्या माणसांना कुंपणाबाहेर फावडं मारता येणार नाही. गावानं आणली तर आणली. आणि आणणार असतील तर ओली करून आणू दे, धूळ उडायला नको."

गावानं आणायची, म्हणजे गावाला सांगायला हवं. मी सुरुवात वहिनींपासून केली. त्या जेवायला वाढत होत्या. मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं: ही माती हाताला चटका देत नाही, आज उद्या कुणी आजारी पडणार नाही; पण पोटात गेली, श्वासातून गेली, वर्षानुवर्षं घरात राहिली, तर शरीरात आतून पोखरते. लहान मुलांना जास्त.

वहिनींचा हात आमटीच्या पळीवर थांबला. "कारखान्याची भीती घाला, ती आम्ही ऐकू. नारदाच्या गादीची कशी हो ऐकायची? माझी चार मुलं ह्या मातीवर वाढली."

"पण शालनच्या मुलीला…"

"ते मी बघीन," त्या म्हणाल्या. मग पानात भात घालता घालता, जरा नरमाईनं, "द्वारकाताईंनी सांगितलं तर वेगळं. एरवी ह्या गावात तुम्हाला कुणी चिमूटभरसुद्धा देणार नाही."

त्रयोदशीला सकाळी मी द्वारकाताईंच्या घरी गेलो. त्या पडवीत पाय पसरून हारासाठी तुळशी निवडत होत्या. कीर्तनाला रोज येणारा, पुढच्या रांगेत बसून डोळे पुसणारा साहेब म्हणून त्या मला ओळखत होत्या. मी सांगत गेलो, त्या निवडत राहिल्या. ही माती अंगणात आली कुठून, असं मी विचारलं तेव्हा त्यांचे हात थांबले.

ती त्यांच्या वडिलांनी आणली होती. बापू स्वतः कीर्तनकार. देवळाचं अंगण सखल, दिवाळीपर्यंत तिथं चिखल असायचा. कारखाना चालू होता तेव्हा बापू स्वतः मॅनेजरकडे गेले आणि पायाला न चिकटणारी, पाणी लगेच सोडणारी ती चमकती वाळू देवासाठी मागितली. मॅनेजरनं आनंदानं तीन गाड्या पाठवल्या. त्याला ती टाकूनच द्यायची होती. गादी बापूंनी आपल्या हातानं चोपून बसवली. कपाळाला लावायची चाल पडली तीही त्यांच्याच कीर्तनात.

"आणि तू म्हणतोस, माझ्या बापानं गावाला विष घातलं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

मी म्हणालो, मी तसं म्हणत नाही.

"मग कसं म्हणतोस? तेच शब्द गोड करून?"

 मी उठून जायला निघालो. त्यांनी मला थांबवलं आणि पाय पुढं केले. "तुझं ते यंत्र लाव इथं. चाळीस वर्षं मी त्या गादीवर अनवाणी उभी आहे. काय असेल ते ह्या तळव्यांत असेल."

मी गुडघ्यावर बसलो आणि मीटर त्यांच्या तळव्यांशी धरला. भेगा पडलेले, काळपट तळवे. मीटर भरभर वाजायला लागला. त्या कान देऊन ऐकत राहिल्या, जशा पेटीवाल्याचा सूर जुळतोय का ते ऐकायच्या. मग उठून परसात गेल्या. घंगाळातलं पाणी ओतल्याचा, दगडानं पाय घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत येऊन त्यांनी पाय पदरानं कोरडे केले आणि पुढं केले.

एक कट. मग नुसतीच शांतता. मग एक कट.

"गेलं?"

"गेलं, ताई."

"धुतल्यानं जातं ते पाप नव्हे. मळ आहे तो." त्या पुन्हा तुळशी निवडायला बसल्या. "बापूंना ठाऊक नव्हतं. मला आता ठाऊक आहे. मी जर गप्प बसले, तर मात्र ते विष."

मी निघताना त्यांनी खड्ड्याबद्दल विचारलं. पुरल्यावर किती वर्षांत ती माती निवेल. मी म्हणालो, आपल्या हिशेबानं कधीच नाही. मग तिथं खणायचं नाही हे लोकांना कळणार कसं? मी सांगितलं, आम्ही पाटी लावतो, कुंपण घालतो, खात्यात फाइल असते.

"पाटी लोखंडी?"

"हो."

"ह्या खाऱ्या वाऱ्यात दारची कडीसुद्धा दहा वर्षं टिकत नाही रे," त्या म्हणाल्या.

चतुर्दशीला अंगण भरलं होतं. माझ्या सांगण्यावरून दुपारीच पाण्याचा सडा घालून घेतला होता आणि वर चटया अंथरल्या होत्या. द्वारकाताई आल्या, देवाला नमस्कार केला आणि गादीवर न चढता गादीच्या शेजारी, दगडी पायरीवर उभ्या राहिल्या. बायकांत कुजबुज झाली. तबलजीनं प्रश्नार्थक मान वर केली, त्यांनी डोळ्यांनीच त्याला ठेका धरायला सांगितलं.

पूर्वरंग त्यांनी थोडक्यात आटोपला. बुक्का लावून झाला, गजर झाला, आणि उत्तररंगाला त्यांनी बाळकृष्णानं माती खाल्ल्याची कथा लावली. गोकुळातल्या पोरांनी चहाडी केली, यशोदा काठी घेऊन धावली, हे सगळं त्यांनी असं रंगवलं की लोक हसून बेजार झाले. मग देवानं तोंड उघडलं. इथं सगळे कीर्तनकार विश्वरूप दाखवतात. ताईंनी टाळ खाली ठेवले.

"यशोदेला आत ब्रह्मांड दिसलं म्हणतात. दिसलं असेल. पण ती तोंड उघड म्हणाली ती काही ब्रह्मांड बघायला नाही. पोरानं काय गिळलंय ते बघायला म्हणाली. आई होती ती." त्या थांबल्या. "देवाला माती पचली. ज्याच्या पोटात सगळी पृथ्वी, त्याला मूठभर मातीनं काय व्हायचं. आपल्या लेकरांच्या पोटात पेज असते."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. कारखाना, बापू, तीन गाड्या, मीटर, स्वतःचे तळवे. गाऊन नाही, साध्या बोलण्यात. माझं नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी रडत होतो, ते लपवायला मला जागा नव्हती.

मागच्या रांगेतून एक म्हातारा कोळी उठला. त्यानं शांतपणे विचारलं, "ताई, मग इतकी वर्षं आम्ही कपाळाला लावली, ती खोटी?"

"भाव खरा होता," त्या म्हणाल्या. "माती चुकली. बापूंनी मागून आणली होती, मी मागून परत घेते. उद्या सकाळी तुळशीतली माती ओली करून, फडक्यात बांधून कारखान्याच्या फाटकाशी आणा. मी पुढं असेन."

कुणी हो म्हणालं नाही. आरती झाली, माणसं तरीकडे गेली. वहिनी माझ्याबरोबर घरापर्यंत चालल्या आणि तुळशीपुढं दिवा लावून आत गेल्या.

पौर्णिमेला सकाळी सातपासून मी आणि दातीर साहेब फाटकाशी उभे. आठ वाजले, साडेआठ वाजले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. नऊच्या सुमारास पोफळींच्या मागून टाळांचा आवाज आला.

पुढं द्वारकाताई. मागं गाव. कुणाच्या हातात घमेलं, कुणाच्या डोक्यावर कळशी, कुणाच्या ओच्यात फडक्याची ओली पुरचुंडी. पुरुषांनी नाकातोंडावर ओले पंचे बांधून पहाटेपासून देवळाचं अंगण खणायला घेतलं होतं. त्यांच्या हातगाड्या मागून येत होत्या. दातीर साहेबांनी फाटक स्वतः उघडलं. मी प्रत्येकाची माती मोजायचो, आत ओतल्यावर हात आणि भांडं धुवून घ्यायला लावायचो, पुन्हा मोजायचो आणि म्हणायचो, "मोजून झालं, चला." दुपारपर्यंत घसा बसला. यमूवहिनी विसाव्या की एकविसाव्या आल्या. वृंदावन त्यांनी तळापर्यंत उपसलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उंबऱ्याखालची तासाभरात आणते. उंबरा काढायला सुतार बोलावलाय."

सगळ्यात शेवटी द्वारकाताईंनी कनवटीची एक पितळी डबी काढली. बापू गेले त्या दिवशी त्यांच्या पायाखालची माती त्यांनी तीत भरून ठेवली होती. मी मीटर पुढं केला.

"ती नको मोजू," त्या म्हणाल्या, आणि डबी तशीच, न उघडता, खड्ड्यात सोडली.

दुपारी वहिनींच्या घरी उष्टावण झालं. खिरीचं बोट लावण्याआधी जिभेला काहीतरी लावायला हवं, म्हणून वहिनी घोटाळल्या. मग त्यांनी देवापुढचं तीर्थ पळीत घेतलं आणि ती पळी माझ्यासमोर धरली. मी मीटर आणला, मोजलं, मान हलवली. बाळानं तीर्थ थुंकून टाकलं आणि सगळे हसले.

प्रतिपदेला झाकण ओतलं.

गेल्या कार्तिकात मी पुन्हा पोफळवण्याला गेलो. त्याआधी आमच्या जुन्या कार्यालयात चौकशी केली होती. कार्यालय दोनदा हललं होतं, मुलं अदबीनं बोलली, पण पोफळवण्याची फाइल कुणाला सापडली नाही. खड्ड्याच्या जागी गेलो तर कुंपणाचे खांब वाकलेले, तार नाहीशी झालेली. पाटी होती, पण तिच्यावर गंजाशिवाय काही वाचता येत नव्हतं. मात्र आतल्या गवतात पायवाट पडलेली नव्हती. कुणी गुरं बांधली नव्हती, कुणी कुदळ मारली नव्हती.

चतुर्दशी होती. देवळाच्या दाराशी पस्तिशीची एक बाई मोठी परडी घेऊन उभी होती. येणारा प्रत्येक जण आपल्या घरच्या तुळशीतली मूठभर माती त्या परडीत टाकत होता. ती मग गादीवर पसरणार होते.

मी परका दिसलो म्हणून बाईनं मला समजावून सांगितलं. पूर्वी इथून माती न्यायचे, आता इथं आणतात. चतुर्दशीच्या कीर्तनात खड्ड्याचं आख्यान असतं, फाटकापासून किती पावलांवर, किती लांब, किती खोल, सगळं त्यात येतं. लहान पोरांनाही पाठ आहे. "एक साहेब होते म्हणे, भर कीर्तनात हमसाहमशी रडले," ती हसून म्हणाली. "माझंच उष्टावण होतं दुसऱ्या दिवशी. आजी सांगायची."

ही नवी चाल मी एका कीर्तनात ऐकली होती, म्हणूनच आलो होतो. खिशातून रुमाल काढला आणि टोकाची गाठ सोडू लागलो. कल्याणच्या घरी गॅलरीतल्या कुंडीतली तुळस, तिची माती. गाठ लवकर सुटेना.

परडी पुढं करून तिनं विचारलं, "मोजून आणलीत?"

माझ्यापुढच्या म्हाताऱ्यालाही तिनं तेच विचारलं होतं, त्याच्या आधीच्या मुलीलाही. मोजायला त्या गावात आता कुणाकडे काही नाही. तरी प्रत्येक जण थांबून, तिच्या डोळ्यांत बघून, तेच उत्तर देत होता.

माझा जुना मीटर निवृत्तीच्या वेळी मी मागून घेतला होता. निघायच्या आदल्या दिवशी कपाटातून काढून त्याला नवे सेल घातले होते.

"मोजून आणली," मी म्हणालो, आणि मूठ परडीत रिकामी केली.